हाना सेनेशवरचा माहितीपट: नटांकडून करवलेले प्रसंग, फसलेली मोहीम आणि खरेपणा

प्रश्न असा आला आहे: "दुसऱ्या महायुद्धात हंगेरीत मारल्या गेलेल्या हाना सेनेश या तरुण ज्यू मुलीवरचा 'ब्लेस्ड इज द मॅच' हा माहितीपट पाहिला. त्यात तुरुंगातले प्रसंग नटांकडून करवून घेतले आहेत. मग याला माहितीपट म्हणायचं का? शिवाय तिची मोहीम फसली, तिच्या हातून कुणाचीच सुटका झाली नाही. तरी तिला नायिका म्हणून दाखवणं प्रामाणिक आहे का? मलाही अशाच एका तरुण लढवय्या मुलीवर फिल्म करायची आहे. सुरुवात कुठून करू?"

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच लिहिते. मी संकलक आहे. इतिहासावरच्या माहितीपटांचं संकलन करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि हा वाद जवळजवळ प्रत्येक फिल्मच्या वेळी एडिटिंग टेबलवर होतोच. माझं मत पक्कं आहे. माहितीपटात प्रसंग उभा करायला हरकत नाही, पण त्या प्रसंगाला साक्षीदार हवा. जे कुणी पाहिलं नाही, कुणी ऐकलं नाही, ते कॅमेऱ्यासमोर घडवायचं नाही. आणि हानाची मोहीम फसली हे झाकून ठेवणारी फिल्म हानाची राहतच नाही.

ही फिल्म रॉबर्टा ग्रॉसमन यांनी २००८ मध्ये केली. तिचा कणा हानाच्या आईच्या, कातालिन सेनेश यांच्या, आठवणींचा आहे. त्या आठवणी आपल्याला अभिनेत्री जोन ॲलन यांच्या आवाजात ऐकू येतात. दिग्दर्शिकेने घेतलेल्या सगळ्या निर्णयांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. सगळं काही माहीत असलेला निवेदक घेणं सोपं असतं. तो बुडापेस्टमध्ये असतो, जंगलात असतो, कोठडीतही असतो, आणि प्रेक्षक त्याला कधी विचारत नाही की बाबा, तुला हे कसं कळलं? आई सांगते तेव्हा तिच्या सांगण्याला हद्द असते. मुलगी दोन वर्षं शेतकी शाळेत होती तेव्हा आईच्या हाती फक्त पत्रं होती. मुलगी ब्रिटिशांच्या मोहिमेवर युगोस्लाव्हियात विमानातून उडी मारते तेव्हा आईला त्यातलं काहीच ठाऊक नाही. ही हद्द पाळली की फिल्मला आपोआप शिस्त येते.

नटांची गरज का पडली हे कळण्यासाठी हाताशी काय साहित्य आहे ते बघायला हवं. हानाचा जन्म १७ जुलै १९२१ चा, बुडापेस्टमधल्या खात्यापित्या घरातला. वडील बेला सेनेश नाटककार आणि पत्रकार होते, ते १९२७ मध्ये गेले. अशा घरात फोटो भरपूर निघतात. हाना तेराव्या वर्षापासून डायरी लिहायची. शाळेत साहित्य मंडळाच्या पदासाठी तिची निवड झाली आणि ज्यू म्हणून ते पद तिला नाकारलं गेलं, याची नोंद त्या डायरीत आहे. शाळा प्रॉटेस्टंट मुलींची होती आणि ज्यू मुलींना फी जास्त पडायची. त्यानंतर ती झिओनिझमकडे, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचा देश उभारण्याच्या चळवळीकडे, वळली, हिब्रू शिकली आणि सप्टेंबर १९३९ मध्ये पॅलेस्टाइनला गेली. नहलालच्या मुलींच्या शेतकी शाळेत दोन वर्षं, मग सीझरियाजवळच्या स्दोत याम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वसाहतीत. तिथले फोटो आहेत, पत्रं आहेत, कविता आहेत. म्हणजे बाविसाव्या वर्षापर्यंतची हाना कागदावर आणि फिल्मच्या रोलवर जवळजवळ रोज भेटते.

७ जून १९४४ ला ती युगोस्लाव्हियातून हंगेरीत शिरली आणि लगेच पकडली गेली. ७ नोव्हेंबरला तिला गोळ्या घातल्या. या पाच महिन्यांचा एकही फोटो नाही. ज्या पाच महिन्यांसाठी जग तिला ओळखतं, तेवढेच दृश्याच्या बाबतीत कोरे आहेत. आहेत त्या आठवणी: आईच्या, शेजारच्या कोठड्यांतल्या कैद्यांच्या आणि योएल पाल्गी या सोबत्याच्या. पाल्गी नंतर पकडला गेला आणि त्याच तुरुंगात होता. पुढे तो चालत्या गाडीतून उडी मारून निसटला. अशा वेळी दिग्दर्शकापुढे मोजकेच मार्ग असतात. काळा पडदा ठेवून फक्त आवाज ऐकवायचा, आजच्या रिकाम्या इमारती दाखवायच्या, किंवा प्रसंग उभा करायचा. तिन्ही मार्गांनी खरी फिल्म होऊ शकते आणि खोटीही.

एक प्रसंग जवळून बघू. १७ जून १९४४. कातालिन बुडापेस्टच्या घरी आहेत. मुलगी पॅलेस्टाइनमध्ये, हैफाच्या आसपास कुठल्यातरी किबुत्झमध्ये सुखरूप आहे, अशी त्यांची समजूत. सकाळी साध्या वेशातला पोलीस येतो आणि त्यांना चौकशीला घेऊन जातो. अधिकारी मुलीबद्दल एकेक विचारत राहतो, आणि मग सांगतो की ती शेजारच्याच खोलीत आहे. दार उघडतं, चार माणसं हानाला आत आणतात. केस विस्कटलेले, डोळ्यांभोवती काळेनिळे वळ. पुढचा एक दात पडला आहे हे आईच्या थोडं नंतर लक्षात येतं. हाना आईच्या गळ्यात पडते आणि क्षमा मागते. हे सगळं कातालिन यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. अधिकाऱ्यांचा डाव उघड होता. वायरलेसचा संकेत सांग, नाहीतर आईला तुझ्यासमोर मारू. हानाने संकेत सांगितला नाही. त्याच दिवशी गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, आईलाही उचललं आणि त्याच तुरुंगात टाकलं.

हा प्रसंग नटांकडून करून घेता येतो, कारण प्रत्येक तपशिलाला साक्षीदार आहे. दार, चार माणसं, केस, वळ, मिठी. संकलक म्हणून मी इथे एवढंच बघीन की नटीच्या तोंडी आईने न लिहिलेलं वाक्य जात नाही ना, आणि पार्श्वसंगीत आईच्या आवाजावर चढत नाही ना. उलट, आई येण्याआधीच्या रात्री कोठडीत एकटी बसलेली हाना मनाशी काय म्हणाली, असा प्रसंग कुणी लिहून आणला तर मी तो जोडणार नाही. कितीही सुंदर चित्रित केलेला असला तरी.

तुरुंगातला दुसरा प्रसंग मला याहूनही आवडतो, कारण तो मुळातच दृश्य आहे. हानाची कोठडी वर होती आणि खिडकी उंचावर. ती सामान रचून त्यावर चढायची आणि कागदातून मोठाली अक्षरं कापून एकेक करून खिडकीत धरायची. समोरच्या इमारतीतले कैदी अक्षराला अक्षर जोडून वाचायचे. आरशाच्या तुकड्याने उन्हाचे कवडसे पाडूनही ती निरोप द्यायची. बाहेरच्या बातम्या, युद्ध कुठवर आलं, ती पॅलेस्टाइनमध्ये कशी राहायची, असं सगळं त्या खिडकीतून जायचं. सोबतच्या बायकांसाठी आणि मुलांसाठी ती कागदाच्या, चिंध्यांच्या बाहुल्या करायची. इथे कॅमेरा समोरच्या कोठडीत ठेवावा. साक्षीदार जिथे होता तिथून बघावं. हानाच्या कोठडीत जायची गरजच पडत नाही.

संवादांच्या बाबतीत मी इतकी हट्टी का, त्याला एक घडलेलं उदाहरण आहे आणि ते हानाचंच आहे. हंगेरीतले ज्यू नेते रुडॉल्फ कास्टनर यांनी ज्यूंना छावण्यांत पाठवणारा नाझी अधिकारी आइखमन याच्याशी वाटाघाटी केल्या होत्या. युद्धानंतर इस्रायलमध्ये त्यावरून मोठा खटला उभा राहिला. हानाची आई त्यात साक्षीला आली. मुलगी तुरुंगात असताना कास्टनर यांची भेट घेण्यासाठी आपण खटपट केली आणि ती झालीच नाही, हे तिने कोर्टात सांगितलं. १९५५ चा निकाल कास्टनरच्या फार विरोधात गेला. १९५७ मध्ये त्यांचा खून झाला, आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा बराचसा भाग फिरवला. या खटल्यावर १९९४ मध्ये इस्रायली दूरचित्रवाणीसाठी एक नाट्य तयार झालं. त्यात कास्टनरच्या पात्राच्या तोंडी असं वाक्य होतं की हाना छळाला बळी पडली आणि तिने सोबत्यांची नावं सांगितली. याला इतिहासात आधार नाही. हानाचा भाऊ गिओरा सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने बहुमताने अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि हस्तक्षेप करायला नकार दिला.

कायद्याने तो निर्णय मला पटतो. सरकारने किंवा न्यायालयाने कलाकाराची वाक्यं खोडावीत असं मला वाटत नाही. पण म्हणूनच लिहिणाऱ्यावरची जबाबदारी वाढते. जी मुलगी मरताना एकही नाव न सांगता मेली, तिच्या नावावर पन्नास वर्षांनी एका पात्राच्या संवादातून फितुरी लागते, आणि म्हाताऱ्या भावाला कोर्टाची पायरी चढावी लागते. ते तर नाट्य होतं, कल्पनेची मोकळीक मागणारा प्रकार. माहितीपटावर प्रेक्षक त्याहून कितीतरी जास्त विश्वास टाकतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, फसलेल्या मोहिमेचा. इथे तारखा पडद्यावर स्पष्ट मांडणं हा एकच उपाय आहे, आणि बऱ्याच फिल्म त्यात कमी पडतात.

ब्रिटिश सैन्याने पॅलेस्टाइनमधल्या ज्यू स्वयंसेवकांतून शत्रूच्या मुलखात पाठवायला माणसं निवडली. अखेर सदतीस जण गेले, त्यांतले बारा पकडले गेले, सात मारले गेले. ब्रिटिशांना हवं होतं ते पाडलेल्या विमानांतल्या वैमानिकांना बाहेर काढणं. स्वयंसेवकांच्या मनात होतं ते आपल्या लोकांपर्यंत पोचणं. १९४४ च्या मार्चच्या मध्यावर हाना युगोस्लाव्हियात उतरली. १९ मार्चला जर्मन सैन्य हंगेरीत घुसलं. ज्या देशात उरलेल्या ज्यूंना वाचवता येईल म्हणून ती निघाली होती, तो देश ती वाटेत असतानाच नाझींच्या हातात गेला. मग ती युगोस्लाव्हियात जर्मनांशी लढणाऱ्या टिटोच्या पार्टिझन लढवय्यांबरोबर जंगलात अडकली. १५ मेपासून हंगेरीतून आउशवित्झ या नाझी मृत्युछावणीकडे ज्यूंना नेणाऱ्या गाड्या सुटू लागल्या. ९ जुलैपर्यंत सुमारे ४,३७,००० माणसं नेली गेली. हानाने सीमा ओलांडली त्या दिवसापर्यंत त्यांतली अडीच लाखांहून अधिक निघून गेली होती.

या तारखा एकाखाली एक दाखवल्या की प्रेक्षकाला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. सीमा ओलांडण्याचा तिचा हट्ट, सोबत्यांनी थांब म्हणणं, तिचं न थांबणं, सगळ्याचा अर्थ लागतो. सीमा ओलांडल्यावर बरोबरच्यांपैकी एकाला पोलिसांनी गाठलं आणि त्याने स्वतःला गोळी घातली. मग आसपास शोध सुरू झाला, हाना सापडली आणि वायरलेस सेटही सापडला. मोहीम इथे संपली. फिल्मने हे असंच सांगायला हवं, शब्द मऊ न करता.

पण मोहीम संपली म्हणजे तिचं काम संपलं, असं नाही. सेट पोलिसांच्या हाती होता. त्यांना हवा होता संकेत, कारण संकेत मिळाला असता तर तिच्या नावाने खोटे निरोप पाठवता आले असते आणि मागून येणाऱ्या माणसांना सापळ्यात बोलावता आलं असतं. हा धोका कल्पनेतला नव्हता. १९४२ आणि १९४३ मध्ये जर्मनांनी नेदरलँड्समध्ये नेमकं हेच केलं होतं. पकडलेल्या सेटवरून लंडनशी बोलत राहिले आणि उतरणाऱ्या पन्नासहून अधिक हेरांना एकामागून एक उचललं. त्यांतले बहुतेक परत आले नाहीत. आईला समोर उभं करूनही हानाने संकेत दिला नाही, याचं वजन प्रेक्षकाला कळायला हवं असेल तर नेदरलँड्सची गोष्ट अर्ध्या मिनिटात सांगावी लागते. मी संकलक असते तर छळाच्या दृश्यांची लांबी कापून तिथे हा अर्धा मिनिट घातला असता. जखमा पाहून प्रेक्षक हळहळतो. संकेताचा उपयोग कळला की त्याला तिचा निर्णय कळतो.

नायिका या शब्दाबद्दल एवढंच म्हणते की डायरी वाचा आणि तिच्यातली माणूस असलेली मुलगी कापू नका. किबुत्झमध्ये तिला धुलाईच्या कामावर लावलं होतं आणि त्याचा तिला कंटाळा यायचा. एकटं वाटायचं. लेखिका व्हायची आस होती. आईला बुडापेस्टमध्ये एकटं सोडून आल्याची टोचणी होती. जानेवारी १९४३ च्या नोंदीत हंगेरीला जायचा विचार पहिल्यांदा येतो. तिथल्या तरुणांना बाहेर काढायला मदत करायची आणि आईलाही घेऊन यायचं, हे दोन्ही हेतू तिथे शेजारी शेजारी आहेत. मोठं ध्येय आणि घरची ओढ वेगळी करायला जाल तर दोन्ही फिकी पडतील. गिओरा पॅलेस्टाइनला पोचला तेव्हा ती निघायच्या बेतात होती. बहीणभावाला फार थोडा वेळ मिळाला आणि तिने त्याला मोहिमेबद्दल सांगितलं नाही. फिल्मच्या नावात जी कविता आहे, दुसऱ्याला पेटवून स्वतः जळून जाणाऱ्या काडेपेटीच्या काडीची, ती तिने सीमेकडे जाण्याआधी रुवेन दाफ्नी या सोबत्याच्या हाती दिली. सगळे त्याच कवितेपाशी थांबतात. तुरुंगात लिहिलेली कविताही घ्या. त्यात ती कोठडी पावलांनी मोजते आणि आपण डाव लावला नि हरलो असं सरळ म्हणते. हरल्याचं जी स्वतः लिहून ठेवते, तिच्या वतीने आपण विजय जाहीर करणं बरोबर नाही.

शेवटाबद्दल. १५ ऑक्टोबर १९४४ ला ॲरो क्रॉस या फॅसिस्ट पक्षाने सत्ता घेतली. २८ ऑक्टोबरला हानावर देशद्रोहाचा खटला चालला आणि निकाल पुढे ढकलला गेला. ७ नोव्हेंबरला, तो निकाल जाहीर झालेला नसतानाच, सिमोन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तिला दयेचा अर्ज करायचा आहे का विचारलं. तिने नाही म्हटलं. डोळ्यांवर पट्टी बांधू दिली नाही. वय तेवीस. आई सप्टेंबरमध्ये सुटली होती आणि त्याच सकाळी भेटीचा परवाना मिळवायला त्याच अधिकाऱ्याच्या कचेरीत गेली होती. मुलीला मारून झाल्यावर त्याने आईला ते सांगितलं. तुम्ही ही फिल्म करत असाल तर बंदुका आणि भिंत दाखवू नका. कॅमेरा आईबरोबर कचेरीत ठेवा, कारण ते घडताना आई तिथे होती आणि तिथलं तिने लिहिलं आहे. ज्याला तुम्ही खरं म्हणून शपथ घेऊ शकता तेवढंच, आणि या बाबतीत तेवढं पुरून उरतं.

१९५० मध्ये हानाच्या अस्थी जेरुसलेमला हर्झल टेकडीवर नेल्या, लष्करी इतमामात दफन झालं. ते फुटेज सगळेच वापरतात. त्याहून मला १९९३ ची नोंद महत्त्वाची वाटते. त्या वर्षी हंगेरीच्या लष्करी न्यायालयाने तिच्यावरचा देशद्रोहाचा आरोप पुसला. आई त्याच्या आदल्याच वर्षी वारली होती. फिल्ममध्ये ही दोन सालं एका पाटीवर यायला हवीत.

आता तुमच्या फिल्मची सुरुवात. आधी पटकथा लिहू नका. आधी एक वही करा आणि प्रत्येक प्रसंगापुढे लिहा: हे कोणी पाहिलं, कधी सांगितलं, घडल्यावर किती वर्षांनी सांगितलं. ज्या प्रसंगापुढे रकाना रिकामा राहील तो बाजूला काढा. दोन साक्षीदारांचं जुळत नसेल तर दोघांना फिल्ममध्ये बोलू द्या, आपण मधला मार्ग काढू नका. मग बघा कुठले महिने फोटोंनी भरलेले आहेत आणि कुठले कोरे. प्रसंग उभे करायचे ते फक्त कोऱ्या जागी, आणि पडद्यावर पहिल्यांदा येतील तेव्हाच ते उभे केलेले आहेत हे कळू द्या. रंग बदला, चेहरे पूर्ण दाखवू नका, नाहीतर सरळ पाटी द्या. जुन्या फुटेजसारखे ओरखडे मारून नवं शूटिंग जुनं म्हणून खपवणं मी माझ्या टेबलवर कधीच होऊ दिलेलं नाही.

हिब्रू साहित्य लागणार असेल तर एक वाट आपल्याला जवळची आहे. कोकणातून आणि मुंबईतून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांतल्या जुन्या पिढीला मराठी आणि हिब्रू दोन्ही येतात. सीझरियाच्या किनाऱ्यावर लिहिलेली हानाची 'एली, एली' ही प्रार्थनेसारखी कविता डेव्हिड झेहावी यांच्या चालीवर इस्रायलभर गायली जाते, स्मृतिदिनाला तर हमखास. या घरांतल्या मुलांनीही ती शाळेत गायलेली असते. कविता, पत्र, डायरी यांचा अर्थ इंग्रजीवरून लावण्यापेक्षा अशा माणसांबरोबर बसून लावा. त्यांना मानधन द्या आणि श्रेयनामावलीत नाव द्या.

हक्कांचं काम लांबवू नका. हानाचा मोठा संग्रह आता जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. फोटो, डायरीतले उतारे, कविता, गाण्याची चाल, प्रत्येकाचा हक्कदार वेगळा असतो. इंटरनेटवर फोटो सापडला म्हणजे तो वापरता येतो असं नाही. ज्या मुलीवर फिल्म करायची तिच्या घरचं कुणी असेल तर शूटिंगच्या आधी त्यांना भेटा, आणि कच्ची जोडणी झाली की त्यांना दाखवा. वस्तुस्थितीची चूक दाखवली तर दुरुस्त करा. एखादी अडचणीची पण खरी गोष्ट काढून टाका म्हणाले तर पुरावा समोर ठेवून बोला. हे बोलणं किती वेळ चालेल सांगता येत नाही, म्हणून वेळापत्रकात आणि बजेटमध्ये त्याची जागा पहिल्या दिवसापासून ठेवा.